विचारण्याआधी दिलेला धर्म

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा ख्रिस्ती पंथ एकत्र आले आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झालं. शहराच्या सदर भागातलं ऑल सेंट्स कॅथेड्रल हे आज याच चर्चच्या नागपूर धर्मप्रांताचं कॅथेड्रल आहे. एकीकरणाची बोलणी १९२९ पासून, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ चालली होती. त्यात सोडवाव्या लागलेल्या अवघड प्रश्नांपैकी एक अगदी घरातला होता: तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यावा की नाही? अँग्लिकन, मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन परंपरेतली मंडळी तो देत आली होती. बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स यांना ते मान्य नव्हतं. ज्याला ‘मी विश्वास ठेवतो’ असं म्हणता येत नाही, त्याच्यावर विश्वासाचा विधी करायचा कसा, हा त्यांचा सवाल होता. मराठीचं व्याकरण १८०५ साली छापणारा विल्यम कॅरी याच बॅप्टिस्ट पंथाचा. इंग्लंडच्या चर्चमध्ये तान्हेपणी त्याचा बाप्तिस्मा झाला होता, तरी १७८३ साली त्यानं समजत्या वयात तो नव्यानं घेतला. नागपुरात या वादावर असा तोडगा निघाला की दोन्ही वाटा सारख्याच मान्य धराव्यात. एक वाट म्हणजे तान्हेपणी बाप्तिस्मा आणि मोठेपणी स्वतःच्या तोंडानं विश्वासाची कबुली. दुसरी म्हणजे तान्हेपणी फक्त देवापुढे समर्पण आणि मोठेपणी बाप्तिस्मा. हा निर्णय सहसा तडजोड म्हणून सांगितला जातो. भांडण मिटावं म्हणून दोघांनी एकेक पाऊल मागे घेतलं, असा त्याचा अर्थ लावतात. मला मात्र वाटतं की भांडणाऱ्या दोन्ही बाजूंपेक्षा हा तोडगाच सत्याच्या अधिक जवळ आहे. त्याचा पुरावा धर्मशास्त्राच्या ग्रंथांत जितका आहे त्याहून जास्त एक ते तीन वर्षांच्या मुलाच्या वागण्यात आहे. धर्म मुलाला विचारून देता येत नाही, आणि त्याच्या नकाराला जागा न ठेवता तो दिला तर तो दिलाच जात नाही. या दोन्ही गोष्टी त्या वयाच्या मुलाबरोबर राहणाऱ्या आईबापांना रोज दिसत असतात.

प्रश्न फक्त ख्रिस्ती घरांचा नाही. बारसं, उष्टावण आणि जावळ यांपैकी एकही संस्कार मुलाला विचारून होत नाही. मुसलमान घरात नवजात बाळाच्या कानात अजान दिली जाते. बौद्ध घरातलं मूल बोलायला लागायच्या आधीच कडेवर बसून त्रिशरण-पंचशील ऐकतं. पारशी समाजानं नवजोत, म्हणजे धर्मदीक्षा, बरीच पुढे, मूल प्रार्थना पाठ म्हणू शकेल अशा वयापर्यंत नेऊन ठेवली आहे. पण कमरेला कुस्ती हा पवित्र धागा बांधलेल्या आजीआजोबांच्या मांडीवर ते मूल तोवर अनेक वर्षं वाढलेलंच असतं. वैदिक परंपरेतही मौंजीबंधन हा वेगळा, दुसरा उंबरठा आहे. तो सगळ्या जातींना आणि मुलींना खुला नव्हता, ही त्या परंपरेची मोठी उणीव आहे. तरीही जन्मानं मिळालेलं पुरेसं नाही, पुढे काहीतरी स्वतः पत्करावं लागतं, एवढी जाणीव तिच्यात दिसते. सदरसारख्या वस्तीत एका रस्त्यावर चर्च, मशीद, मंदिर आणि विहार यांत जाणारी घरं शेजारी शेजारी असतात. तिथले आईबाप वेगवेगळ्या देवांपुढे उभे राहत असले तरी दीड वर्षाच्या मुलासंबंधीचा त्यांचा प्रश्न एकच आहे.

यावर पहिला आक्षेप विवेकवाद्यांचा. तो मी गांभीर्यानं घेते. ‘ख्रिस्ती मूल’ किंवा ‘मुसलमान मूल’ असं काही नसतंच. असतं ते ख्रिस्ती आईबापांचं किंवा मुसलमान आईबापांचं मूल, असं रिचर्ड डॉकिन्स यांनी २००६ सालच्या ‘द गॉड डिल्यूजन’मध्ये आग्रहानं मांडलं. मग सरळ उपाय दिसतो तो असा की मूल मोठं होईपर्यंत थांबावं, त्याची पाटी कोरी ठेवावी आणि कळत्या वयात त्याला निवडू द्यावं. या उपायात न्यायाची चाड आहे, पण मूल कसं वाढतं याची माहिती कमी आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे फार उपयोगी आहे. हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ हा फरक इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना ऐकू येत होता. दहा-बारा महिन्यांची झाल्यावर तशाच घरातल्या बहुतेक बाळांना तो कळेनासा झाला. कोणी त्यांना ‘हा फरक ऐकू नका’ असं शिकवलं नव्हतं. घरात एक भाषा बोलली गेली आणि दुसऱ्या भाषांची दारं हळूहळू ओढली गेली. म्हणजे कोरी पाटी कोणाच्याच हातात नसते. जे घर मुलाला कोणतीच प्रार्थना ऐकवत नाही तेही काहीतरी ऐकवतच असतं. जेवणाआधी कोणी थांबत नाही, सणाला काही बदलत नाही, माणूस गेल्यावर कोणी हात जोडत नाही, हेही त्या मुलाला मिळालेलं एक जगणंच आहे. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही. ते तटस्थ नाही, एवढंच म्हणते. दोन धर्मांच्या ओढीत वाढणारं मूलही मोकळ्या माळावर वाढत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळात त्यांच्या लहानग्या दत्तूच्या वाट्याला दोन्ही धर्म आले, आणि त्या दोन्हींची ओढाताणही आली. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

तरीही आक्षेप इथे संपत नाही. भाषा खरी किंवा खोटी नसते, धर्म मात्र जगाविषयी काही विधानं करतो. म्हणून भाषेचं उदाहरण धर्माला लावू नये, असं कोणी म्हणेल. हे बरोबर आहे. पण दीड वर्षाच्या मुलाला धर्मातून नेमकं काय मिळतं ते पाहिलं पाहिजे. विधानं त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. त्याला मिळतात हालचाली, सूर, वास, चवी आणि माणसं. समईपुढे बसलेल्या आजीच्या शेजारी ते बसकण मारतं आणि तिच्यासारखे हात जुळवतं. चर्चमध्ये सगळे उभे राहिले की तेही धडपडत उभं राहतं. नमाजाच्या वेळी अब्बांच्या बाजूला कपाळ टेकवतं आणि लगेच मान वर करून ते काय करताहेत ते बघतं. हे अनुकरण वरवर वाटतं तेवढं साधं नाही. १९९५ साली अँड्र्यू मेल्टझॉफ यांनी दाखवलं की मोठ्या माणसाला एखादी कृती जमली नाही, हात निसटला, तरी अठरा महिन्यांचं मूल निसटलेली हालचाल उचलत नाही. त्या माणसाला जे करायचं होतं ते करून दाखवतं. म्हणजे ते हाताबरोबर हेतूही वाचतं. २००५ साली व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हायटन यांनी चिंपांझी आणि तीन-चार वर्षांची माणसाची मुलं यांच्यापुढे बक्षीस असलेली पेटी ठेवली. ती उघडून दाखवणारा माणूस मुद्दाम काही निरर्थक हालचाली करत होता. पेटी पारदर्शक केल्यावर त्या हालचालींचा उपयोग नाही हे दिसत होतं. चिंपांझींनी त्या वगळल्या आणि मुलांनी सगळ्या केल्या. चिंपांझी हुशार आणि मुलं खुळी, असा याचा अर्थ नाही. माणसाच्या मुलाला बक्षीस हवं असतंच, पण त्या माणसासारखं करणंही हवं असतं. विधी म्हणजे दुसरं काय? उपयोग लगेच दिसत नसताना, आपल्या माणसांसारखं आणि आपल्या माणसांबरोबर काहीतरी करणं. विदर्भातला तान्हा पोळा हे याचं जिवंत उदाहरण आहे. मोठ्यांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी लहान मुलं लाकडी बैल सजवून दोरीनं ओढत घरोघर नेतात आणि लोक त्यांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, ठेवतात. ज्याला बैल म्हणजे काय आणि शेती म्हणजे काय हे ठाऊक नाही असं मूलही त्या रांगेत असतं. अर्थ मागाहून येतो. आधी रांगेतली जागा मिळते. विश्वासाचा विधी समजुतीच्या आधी का, या बॅप्टिस्टांच्या प्रश्नाला बालविकासाकडून मिळणारं उत्तर हे असं आहे: माणसाची समजूत बहुतेक वेळा कृतीच्या मागून येते.

इथवरचा पुरावा तान्हेपणी बाप्तिस्मा देणाऱ्यांच्या, बारसं करणाऱ्यांच्या बाजूचा झाला. पण ज्या महिन्यांत मूल सगळ्यांचं सगळं उचलत असतं, नेमक्या त्याच महिन्यांत ते नाही म्हणायलाही शिकतं. भात नाही, आंघोळ नाही, चप्पल नाही, झोपायचं नाही. काल स्वतःहून हात जोडणारं मूल आज ‘बाप्पाला जय कर’ म्हटलं की हात पाठीमागे नेतं. घरातल्यांना हा हट्ट वाटतो आणि वयाबरोबर जाईल असं म्हणून आपण सोडून देतो. रेने स्पिट्झ या मनोविश्लेषकानं मात्र १९५७ साली ‘नो अँड येस’ नावाचं एक पुस्तकच या घटनेवर लिहिलं. साधारण सव्वा वर्षाच्या सुमारास मूल अर्थपूर्णपणे मान हलवून नकार देतं, आणि ती त्याच्या मनातली पहिली अमूर्त कल्पना असते, असं त्यानं मांडलं. त्याहून महत्त्वाचं त्याचं म्हणणं असं की हा नकार मूल आईबापांकडूनच उचलतं. रांगायला लागल्यापासून त्यानं दिवसभर ‘नाही, हात लावायचा नाही’ हे ऐकलेलं असतं. ते आता आपल्यालाच परत मिळतं. म्हणजे हात जोडणं आणि हात पाठीमागे नेणं हे दोन वेगळ्या झऱ्यांचं पाणी नाही. दोन्ही अनुकरणातूनच येतात, आणि समोरच्याला इच्छा असते तशी मलाही आहे या शोधातून येतात. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान मूल आरशातल्या प्रतिमेत स्वतःला ओळखू लागतं, कपाळावर लागलेला ठिपका आरशावर न पुसता स्वतःच्या कपाळावर पुसतं. त्याच सुमारास ‘मी’ आणि ‘माझं’ सुरू होतं. यावरून माझा मुख्य मुद्दा निघतो. नकाराची ताकद हा श्रद्धेचा शत्रू नाही. तीच श्रद्धेची पूर्वअट आहे. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला काही वजन नसतं, मग तो होकार देवाला दिलेला का असेना.

धर्मांनी या वयाच्या मुलाकडे आजवर दोन टोकांनी पाहिलं आहे, आणि दोन्ही टोकांवरून हा नकार नीट दिसत नाही. संत ऑगस्टीननं आपल्या आत्मनिवेदनात लिहिलंय की दुसऱ्या बाळाला दूध पिताना पाहून मत्सरानं पांढरंफटक पडलेलं तान्हं मूल त्यानं पाहिलं आहे. त्याचा निष्कर्ष असा की बाळाची निष्पापता त्याच्या दुबळ्या हातापायांत असते, इच्छेत नाही. याच विचारातून आदिपापाची शिकवण पक्की झाली आणि तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्याला मोठा आधार मिळाला. पण त्याच ऑगस्टीनच्या आईनं, मोनिकानं, त्याचा बाप्तिस्मा लांबवला होता. इ. स. ३८७ मध्ये, बत्तीस वर्षांचा असताना, आपल्या किशोरवयीन मुलाबरोबर, अदेओदातूसबरोबर, त्यानं तो घेतला. बरीच वर्षं नाही म्हणून, भटकून, वाद घालून. त्याच्या पुस्तकाला जो जिवंतपणा आहे तो त्या नकारांच्या इतिहासामुळे आहे. दुसरं टोक आपलं. मुलं म्हणजे देवाघरची फुलं, असं आपण म्हणतो. हे म्हणणं प्रेमाचं आहे, पण फूल नाही म्हणत नाही. म्हणून अडीच वर्षांचं मूल जमिनीवर लोळण घेतं तेव्हा हे प्रेम गोंधळतं. या दोन्हींपेक्षा खरं चित्र आपल्याच देव्हाऱ्यात आहे. मराठी घरात नवरी माहेराहून अन्नपूर्णा आणि रांगता बाळकृष्ण घेऊन येते. हा देव आज्ञाधारक नाही. भागवताच्या दशम स्कंधात त्याचं जे बालपण आहे ते जवळजवळ सगळंच आईची आज्ञा मोडण्याचं आहे. तिथे यशोदा त्याला उखळाला बांधू पाहते आणि दोरी दरवेळी दोन बोटं कमी पडते. गोकुळातल्या सगळ्या दोऱ्या जोडल्या तरी दोन बोटं कमीच. शेवटी आई दमलेली दिसते, घामाघूम झालेली दिसते, तेव्हा तो स्वतः बांधून घेतो. त्याच्या संमतीवाचून यशोदेचं बळ पुरत नाही. आणि यशोदा बांधायला निघालीच नसती तर तो बांधलाही गेला नसता. दिलेलं आणि पत्करलेलं या दोन्ही गोष्टींशिवाय बंधन पुरं होत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कुठे सांगितलंय असं मला वाटत नाही. नागपूरच्या ठरावातल्या दोन वाटा याच दोन गोष्टी वेगवेगळ्या क्रमानं मागतात.

आता खरा जड आक्षेप. दोन वर्षांचं मूल नाही म्हणतं ते दुधाला, टोपीला, घरी परतायला. त्याला देव माहीत नाही, तर देवाला नकार कुठला? त्याच्या हट्टात विवेकाचा आवाज ऐकणं हा आईबापांचा भाबडेपणा झाला. आणि प्रत्येक नकार मानायचा ठरवलं तर लस टोचता येणार नाही, रस्ता ओलांडता येणार नाही. या आक्षेपाचा पहिला भाग मी पूर्ण मान्य करते. त्या नकाराला आशय नसतो. ते मूल नास्तिक नसतं, जसं हात जोडणारं मूल आस्तिक नसतं. पण त्या वयात त्याच्यात तयार होत असते ती नकाराची शक्यता, आणि ती शक्यता घरात कशी वागवली जाते त्यावर तिचं पुढचं रूप ठरतं. एरिक एरिक्सननं साधारण दीड ते तीन या वयाचं मुख्य काम स्वायत्तता हे मानलं, आणि ते फसलं तर उरते ती लाज आणि शंका, असं सांगितलं. लाज खाली मान घालायला शिकवते. ते नमस्कारासारखं दिसतं, पण नमस्कार नव्हे. आक्षेपाचा दुसरा भाग मात्र माझ्या बाजूनं बोलतो. लस, रस्ता, गॅसची शेगडी, गच्चीचा कठडा इथे मुलाचा नकार मोडावा लागतो, कारण तो मानला तर त्याला इजा होईल. पूजेत तसं काही नाही. दोन वर्षांच्या मुलानं आज हात जोडले नाहीत तर कोणालाही इजा होत नाही, ज्या देवाला आपण करुणामय म्हणतो त्याला तर नाहीच. घरातल्या सगळ्या व्यवहारांत जिथे नकार मानायला सर्वांत कमी मोल पडतं तो व्यवहार प्रार्थनेचा आहे. म्हणून जबरदस्तीचं समर्थन सर्वांत दुबळं कुठे असेल तर तेही इथेच.

यावर श्रद्धावान माणूस म्हणेल की मडकं कच्चं असतानाच आकार द्यायचा असतो, भाजल्यावर नाही. ही उपमा आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती तपासायचं राहूनच जातं. चाकावरची माती कुंभाराचा हात पाहून आपला हात हलवत नाही, त्याचा हेतू वाचत नाही आणि मान हलवत नाही. मूल हे तिन्ही करतं. संस्कार लवकर व्हावेत हे खरं, पण ते घडतात ते मुलाच्या डोळ्यांपुढे आपण जे करतो त्यातून; त्याच्या अंगावर आपण जे करतो त्यातून फार थोडे. कॅथलिक चर्चनं १९६९ साली बाळांच्या बाप्तिस्म्याचा विधी नव्यानं लिहिला तेव्हा एक बदल केला, त्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. पूर्वी धर्मपिता आणि धर्ममाता बाळाच्या नावानं उत्तरं देत, जणू बाळच बोलतंय. नव्या विधीत आईवडील आणि धर्मपालक आपली स्वतःची श्रद्धा सांगतात: सैतानाला नकार देता का, देवावर विश्वास ठेवता का, हे त्यांना त्यांच्यापुरतं विचारलं जातं. सदरच्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलमध्ये बाळाला घेऊन उभ्या राहणाऱ्या आईबापांनाही आता हाच प्रश्न असतो. मला हा बदल फार प्रामाणिक वाटतो. बाळाच्या वतीनं कोणीच विश्वास ठेवू शकत नाही. आईबाप त्याच्यासमोर विश्वास ठेवू शकतात, आणि आपला विश्वास त्याला कोणत्या अटीवर देतो आहोत तेही ठरवू शकतात.

त्या अटींतली पहिली भीतीविषयी असावी. मराठी घरांत, सगळ्याच धर्मांच्या, देवाचा उपयोग मुलाचा नकार मोडायला सर्रास होतो. जेवला नाहीस तर बाप्पा रागावेल. खोटं बोललीस तर देव बघतोय. अंधारात गेलास तर बुवा धरेल. पोलीस, बुवा आणि देव हे तिघं एकाच रांगेत उभे केले जातात. आई दमलेली असते, ताट तसंच पडलेलं असतं आणि हा उपाय लगेच लागू पडतो. हे मी समजू शकते. पण यात जे घडतं ते गंभीर आहे. मुलाच्या नुकत्याच उगवलेल्या इच्छेसमोर आईच्या इच्छेपेक्षा कितीतरी मोठी, न दिसणारी, न चुकवता येणारी इच्छा उभी केली जाते. आईच्या नाहीला मूल नाही म्हणू शकतं, रडू शकतं, आणि मग तिच्याच कुशीत शिरू शकतं. रागावलेल्या बाप्पाच्या कुशीत शिरता येत नाही. असा देव मिळालेलं मूल मोठेपणी एकतर त्याला घाबरून मानतं, नाहीतर त्याला टाकून मोकळा श्वास घेतं. दोन्ही वेळा त्याला खरी निवड मिळालेली नसते. डॉकिन्स यांच्या पुस्तकातला जो भाग धार्मिक आईबापांनी मनाला लावून घ्यायला हवा तो हाच, मुलांना नरकाचं भय दाखवण्यावरचा. तिथे त्यांचा राग मला योग्य वाटतो. पुढे, चार-पाच वर्षांचं मूल ‘देव कुठे असतो’, ‘आजोबा मेले तर आता कुठे गेले’ असं विचारू लागतं तेव्हा विधानांचा काळ सुरू होतो आणि आईबापांची जबाबदारी बदलते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ सालच्या बालहक्क संहितेत, जी भारतानं १९९२ साली मान्य केली, चौदावं कलम मुलाला विचार, विवेक आणि धर्माचं स्वातंत्र्य देतं. त्याच कलमात आईबापांना मार्गदर्शनाचा अधिकारही आहे, पण मुलाच्या वाढत्या क्षमतेला धरून. आपल्या संविधानाचं कलम २८ सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत धार्मिक शिक्षण संमतीशिवाय लादू देत नाही, आणि अज्ञान मुलाच्या बाबतीत ती संमती पालकाची धरतं. सदरमधल्या मिशनरी शाळांत शिकलेल्या अनेक पिढ्यांच्या सर्व धर्मांच्या मुलांना या कलमाचा आधार आहे. पण पालकाच्या हातातली ती संमती उसनी आहे. ज्याची आहे त्याला ती कधीतरी परत द्यायची आहे.

नागपुरात हा विषय काढायचा तर दीक्षाभूमी टाळून चालणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतल्या पहिल्या काही प्रतिज्ञा नकाराच्या आहेत: जन्मानं मिळालेले देव मानणार नाही, पूजणार नाही. ‘हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही’ ही १९३५ सालची येवल्याची घोषणा धरली तर एकवीस वर्षं विचार करून, वाचून, वाद घालून उच्चारलेला हा नकार होता. समजत्या वयाच्या माणसानं धर्म निवडावा, या म्हणण्याचं आधुनिक भारतातलं सर्वांत मोठं उदाहरण तेच. पण त्या मैदानात आईबापांच्या कडेवर मुलंही होती, आणि आज अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर येणाऱ्या गर्दीत त्या मुलांची नातवंडं-पतवंडं कडेवर असतात. त्यांना मिळालेला धर्म निवडीतून जन्मला, पण त्यांना तो वारशानंच मिळाला. यात विसंगती आहे असं म्हणणारे आहेत. मला ती विसंगती वाटत नाही. पणजोबांनी कमावलेला नकाराचा हक्क वारशात देता येतो. तो वापरण्याची बुद्धी मात्र देता येत नाही, ती त्या मुलाला स्वतःच घडवावी लागते. बुद्धानं काय म्हटलं ते स्वतः तपासून घ्या, ही शिकवण ज्या धम्मात आहे त्या घरातल्या मुलानं उद्या विहारात बसायला नकार दिला तर त्या नकाराला जागा देण्याची सामग्री त्याच धम्मात आहे. सामग्री प्रत्येक धर्मात कुठे ना कुठे आहे. प्रल्हादाची गोष्ट हिंदू घरात सांगितली जाते ती बापाच्या आज्ञेला नाही म्हणणाऱ्या मुलाची गोष्ट म्हणूनच.

एक गोष्ट मात्र आईबापांच्या चांगल्या इच्छेनं सुटत नाही, आणि माझ्या युक्तिवादाची सर्वांत कच्ची बाजू तीच आहे. मी म्हटलं की पूजेतला नकार मानायला सर्वांत कमी मोल पडतं. दोन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ते खरं आहे. ते मूल वीस वर्षांचं झाल्यावर प्रत्येकासाठी ते खरं राहत नाही. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्माशी बांधला. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. म्हणजे सदरमध्ये एकाच चर्चच्या दोन बाकांवर बसलेल्या दोन घरांपैकी एकासाठी बाळाचा बाप्तिस्मा हा फक्त श्रद्धेचा विधी असतो. दुसऱ्यासाठी त्याच पाण्याबरोबर पुढच्या शिष्यवृत्तीचा, आरक्षित जागेचा आणि जातीच्या दाखल्याचा प्रश्नही येतो. मोठेपणी त्या मुलानं धर्म पत्करला काय किंवा टाकला काय, त्याच्या होकाराची आणि नकाराची किंमत राज्यानं आधीच लिहून ठेवलेली असते. या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात याचिका २००४ पासून आहेत, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्या वादात आकडेवारी असते, इतिहास असतो आणि आरक्षणाचं गणित असतं. अजून बोलता न येणाऱ्या आणि नुकतीच मान हलवायला शिकलेल्या मुलाच्या बाजूनंही तो वाद कोणीतरी मांडायला हवा, कारण त्याला पुढे मोकळेपणानं हो किंवा नाही म्हणता येईल की नाही हे घरात ठरतं तितकंच त्या आदेशाच्या परिच्छेदातही ठरतं.